रिकाम्या दिवसांचा हिशेब

भालकी किंवा औराद तालुक्यातल्या शेतकऱ्याला ऑक्टोबरात भेटलात तर तो सांगेल, मजूर मिळत नाहीत. सोयाबीन वाळून शेंगा तडकायला लागलेल्या असतात, परतीच्या पावसाची धास्ती असते आणि गावात एक माणूस मोकळा नसतो. त्याच गावातल्या मजुराला एप्रिलच्या अखेरीस भेटलात तर तो सांगेल, काम मिळत नाही. दोघंही खरं बोलत असतात. बीदर आणि कलबुर्गी या कर्नाटकाच्या सीमेवरच्या दोन जिल्ह्यांतली मजुरी आणि बेकारी समजून घ्यायची, तर या दोन तक्रारींच्या मधले सहा महिने समजून घ्यावे लागतात.

रोजगाराची चर्चा बहुधा दोन आकड्यांवर चालते. एक मजुरीचा दर, म्हणजे रोज किती रुपये. दुसरा बेकारीचा टक्का, म्हणजे शंभरात किती जण रिकामे. या भागात हे दोन्ही आकडे अपुरे पडतात, कारण तिसरा आकडा कोणी विचारत नाही: वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी किती दिवस काम मिळालं? आणि त्याला जोडूनच चौथा प्रश्न येतो: उरलेल्या दिवसांचं पोट कोणी भरलं? संघटित आणि असंघटित कामगारांतला खरा फरक या चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

तीन राज्यांच्या सांध्यावर

हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. राज्य पुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठवाड्यात आले, काही भाग आंध्रात गेला आणि भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे गेले. सोयरिकी, बाजारहाट आणि शेतमजुरीचे रस्ते मात्र जुनेच राहिले. कमलनगरचा माणूस उदगीरच्या बाजारात सहज जातो. आळंदची माणसं सोलापूरला जातात. बीदरची तरुण मुलं जहीराबाद आणि हैदराबादकडे निघतात. २०११ च्या जनगणनेत बीदर जिल्ह्याची लोकसंख्या १७ लाखांवर आणि कलबुर्गीची, तेव्हाच्या गुलबर्ग्याची, साडेपंचवीस लाखांवर होती. साक्षरता अनुक्रमे सुमारे ७० आणि ६५ टक्के.

कर्नाटकातल्या प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणाऱ्या डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ साली अहवाल दिला. राज्यातल्या ३९ अतिमागास तालुक्यांपैकी २१ तालुके एकट्या गुलबर्गा विभागातले निघाले. महाराष्ट्रात वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये मराठवाड्याचा अनुशेष मोजला होता. जुन्या हैदराबाद राज्याचे हे दोन शेजारी तुकडे वेगवेगळ्या राज्यांत गेले आणि दोन्हीकडे मागासलेपणाच्या यादीत वर राहिले.

यामागचं मोठं कारण शेतीच्या पंचांगात आहे. इथली बहुतेक शेती पावसावरची. जूनमध्ये पेरणी, जुलै-ऑगस्टमध्ये खुरपणी, मूग-उडदाची तोडणी, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची कापणी. कलबुर्गीत तूर हे मुख्य पीक. इथल्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तूर जून-जुलैत पेरतात आणि डिसेंबर-जानेवारीत कापतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा निघतो. त्यानंतर मृगाच्या पावसापर्यंत शेतात काम नसतं. म्हणजे भूमिहीन कुटुंबाला गावात जे काम मिळतं, ते चार-पाच तुकड्यांत विभागलेलं असतं आणि प्रत्येक तुकडा दोन-तीन आठवड्यांचा. त्या तुकड्यात सगळ्यांनाच मजूर हवे असतात आणि त्याबाहेर कोणालाच नको असतात.

हे तुकडेही आता आखूड होत चालले आहेत. खुरपणी हे इथल्या बायकांचं हक्काचं काम होतं. पाच-सहा जणींनी ओळीत बसून दिवसाकाठी जे रान साफ करायचं, त्यावर आता तणनाशकाचा पंप पाठीला लावून एक पुरुष तासाभरात फवारा मारतो. मळणी यंत्राने तर केव्हाच खळं संपवलं. शेतकऱ्यालाही यात दोष देता येत नाही. कापणीच्या आठवड्यात मजुरीचा दर चढतो आणि हमीभाव जाहीर झाला तरी बाजारात तो मिळेलच असं नसतं. तीन-चार एकरवाला शेतकरी खर्च वाचवायला यंत्र आणि औषध आणतो. त्यातून वाचलेला प्रत्येक रोज कोणाच्या तरी चुलीतून कमी झालेला असतो.

टक्क्यात न मावणारी बेकारी

देशातल्या बेकारीचा अधिकृत आकडा सांख्यिकी मंत्रालयाच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातून येतो. २०१७-१८ मध्ये हा दर ६.१ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के. हे वाचून कलबुर्गी जिल्ह्यातल्या चिंचोळीच्या तांड्यावरच्या माणसाला नवल वाटेल. पण आकडा खोटा नाही. तो कसा काढतात ते पाहिलं की उलगडा होतो.

सर्वेक्षणात माणसाची स्थिती दोन पद्धतींनी ठरवतात. पहिल्या पद्धतीत मागच्या वर्षभराचा विचार होतो. वर्षाचा मोठा भाग काम नसलं, तरी एखादं दुय्यम काम निदान ३० दिवस केलं असेल तर ती व्यक्ती कामावर धरली जाते. दुसऱ्या पद्धतीत मागच्या सात दिवसांकडे पाहतात. त्या आठवड्यात एका दिवशी एक तास जरी काम केलं असेल, तरी ती व्यक्ती त्या आठवड्यापुरती बेकार नाही. आठवड्यात एकच दिवस तूर कापायला गेलेली बाई या मोजमापात रोजगार असलेल्यांत जाते. आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी अशा व्याख्या लागतात आणि जगभर त्या साधारण अशाच आहेत. परंतु जिथे काम तुकड्यातुकड्यानेच मिळतं, तिथे त्या मोजमापातून रिकामे दिवस गळून जातात.

पूर्वी राष्ट्रीय नमुना पाहणीत तिसरी पद्धतही होती. आठवड्यातला प्रत्येक दिवस अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या हिशेबाने मोजायचा आणि एकूण दिवसांपैकी किती दिवस काम हवं असूनही मिळालं नाही, ते काढायचं. एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने १९७० मध्ये सांगितलं होतं की भारतासारख्या देशात सगळी बेकारी एका आकड्यात बसवता येणार नाही. त्यातूनच पुढे ही वेगवेगळी मापं आली. २०११-१२ पर्यंतच्या पाहण्यांत रोजच्या हिशेबाचा दर मिळत असे आणि तो वार्षिक दरापेक्षा नेहमीच बराच जास्त असे. नव्या सर्वेक्षणात ते माप राहिलं नाही. कोरडवाहू शेतीच्या जिल्ह्याचं दुखणं दाखवणारं तेच माप होतं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बेकार राहणं गरिबाला परवडत नाही. हाताला नीट काम नसेल तर तो भाजीची गाडी लावतो, दुसऱ्याची शेळी अर्धेलीने पाळतो, घरच्या दुकानात बसतो. सर्वेक्षणात तो स्वयंरोजगारित होतो. देशातल्या एकूण काम करणाऱ्यांत असे स्वयंरोजगारित निम्म्याहून अधिक, सुमारे ५८ टक्के आहेत.

बीदरच्या बिदरी कारागिराचं उदाहरण घेऊ. जस्त आणि थोडं तांबं यांच्या मिश्रणाचं भांडं ओतायचं, छिन्नीने त्यावर नक्षी खोदायची, खोदलेल्या रेषेत चांदीची तार ठोकून बसवायची आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातल्या मातीत नवसागर घालून उकळलेल्या पाण्यात भांडं काळंभोर करायचं. या कलेला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शाह रशीद अहमद कादरी या कारागिराला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पण साध्या कारागिराला पैसे मिळतात ते नगावर. चांदी महागली की मागणी घटते, मागणी घटली की नग घटतात. ठोकणीचा आवाज दिवसातून दोनच तास येत असला तरी सर्वेक्षणाच्या लेखी कारागीर कामावर आहे. त्याचा रिकामा वेळ त्याच्या घरातच जिरतो.

उलट, ज्याचं घर काही काळ सांभाळू शकतं, तोच उघडपणे बेकार राहू शकतो. २०२२-२३ मध्ये देशातल्या पदवीधरांमधला बेकारीचा दर १३ टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे सर्वसाधारण दराच्या चौपट. कलबुर्गीच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेली मुलं या आकड्यात असतात. त्यांच्या आईवडिलांचे रिकामे दिवस या आकड्यात नसतात.

एकच दर, दुप्पट उत्पन्न

पक्की नोकरी आणि रोजंदारी यांतला फरक एका हिशेबाने स्पष्ट होतो. समजा, दोन माणसांचा दर सारखाच आहे, दिवसाला ५०० रुपये. एक बांधकामावर बिगारी आहे. पाऊस, सण, आजारपण, सामान न येणं, ठेकेदाराचं काम संपणं हे सगळं वजा जाता त्याला वर्षात २०० दिवस काम मिळतं. त्याची वर्षाची कमाई १ लाख रुपये.

दुसरा एका नोंदणीकृत कारखान्यात पगारी आहे. महिन्याला १५ हजार, म्हणजे तीसही दिवसांचे ५०० प्रमाणे. रविवारी तो घरी असतो तरी पगार चालू. वर्षाचे १ लाख ८० हजार झाले. शिवाय मालक भविष्य निर्वाह निधीत १२ टक्के भरतो, ते २१,६०० रुपये. कर्मचारी राज्य विमा योजनेत ३.२५ टक्के भरतो, ते ५,८५०. एकूण २ लाख ७ हजारांच्या वर. दर तोच, घामही तेवढाच, पण वर्षाचा आकडा दुपटीहून मोठा. हा फरक रिकाम्या दिवसांचा आहे. एकाच्या रिकाम्या दिवसाचे पैसे मालक भरतो, दुसऱ्याच्या रिकाम्या दिवसाचे तो स्वतः भरतो.

अशी नोकरी किती जणांना मिळते? अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००७ मध्ये दाखवलं की देशातले नव्वद टक्क्यांहून अधिक कामगार असंघटित आहेत. कायद्याच्या रचनेतच त्याचं एक कारण आहे. राज्य विमा योजना साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते आणि पगाराची मर्यादा आहे महिना २१ हजार. भविष्य निर्वाह निधी वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना. शेत, वीटभट्टी, गल्लीतलं दुकान, छोटी डाळ गिरणी, लग्नाचा मंडप ही कामाची ठिकाणं या चौकटीत सहसा येत नाहीत. कलबुर्गीत राज्य विमा महामंडळाचं मोठं वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. पण ज्या कार्डावर तिथे विम्याचा हक्क मिळतो, ते कार्ड जिल्ह्यातल्या शेतमजुराकडे आणि बिगाऱ्याकडे नसतं.

सरकारी नोकरीची इथली ओढ या हिशेबातून आली आहे. घटनेच्या ९८ व्या दुरुस्तीने कलम ३७१ (जे) आलं आणि २०१३ पासून हैदराबाद-कर्नाटकातल्या, म्हणजे आजच्या कल्याण कर्नाटकातल्या, स्थानिकांना या विभागातल्या सरकारी पदांत मोठं आरक्षण मिळालं. अ आणि ब गटात ७५ टक्के, क गटात ८०, ड गटात ८५. यामुळे दारं उघडली, पण पदांची संख्या मर्यादितच राहिली. मराठी माध्यमात शिकलेल्या सीमाभागातल्या मुलांना कन्नडची तयारी वेगळी करावी लागते. आणि सरकारी इमारतीत काम करणारा प्रत्येक जण आता सरकारी नोकर असतो असंही नाही. अतिथी व्याख्याते, डेटा एंट्री करणारे, सफाई करणारे, पहारेकरी यांतले कितीतरी जण ठेकेदारामार्फत किंवा ठरावीक महिन्यांपुरते नेमलेले असतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये पंजाबच्या जगजितसिंग खटल्यात सांगितलं की तेच काम करणाऱ्या हंगामी कर्मचाऱ्यालाही समान वेतनाचं तत्त्व लागू होतं. निकाल आला तरी सत्र संपताच थांबणारं मानधन अजून थांबतंच.

एकाच फाटकातून आत जाणारे

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांच्या ओट्यावर, स्वयंपाकघरात, मोरीत जी शहाबादी फरशी दिसते, ती कलबुर्गी जिल्ह्यातली. त्याच चुनखडकावर वाडी, मळखेड, सेडम, चित्तापूर या पट्ट्यातले सिमेंट कारखाने उभे आहेत. एकाच दगडातून दोन प्रकारचा रोजगार निघतो. कारखान्यात यंत्र, हजेरीपट, पगारपत्रक. फरशीच्या खाणीत पहार, छिन्नी आणि मोजून निघालेल्या फरशीवर पैसे. पावसाळ्यात खाणीत पाणी भरतं आणि काम थांबतं. खाणीतल्या मजुराचे ते महिने कोणाच्याच वहीत लिहिले जात नाहीत.

सिमेंट कारखान्याच्या आतही दोन रांगा आहेत. कायम कामगारांची रांग वर्षानुवर्षं आखूड होत आली. पोती भरणं, लादणं, झाडझूड, देखभाल ही कामं ठेकेदाराकडे गेली. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत तेच काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला कायम कामगाराइतकंच वेतन द्यायची तरतूद होती. ती टाळायची वाट सोपी असते: कामाचं नाव वेगळं ठेवायचं. दोन वर्षांनी ठेका बदलला की कामगार तोच राहतो, पण त्याची नोकरी नव्याने सुरू होते आणि उपदानासाठी (ग्रॅच्युइटीसाठी) लागणारी सलग सेवा पुन्हा शून्यावर येते. देशातल्या बिगरशेती पगारदारांपैकी निम्म्याहून अधिक जणांकडे लेखी करारच नाही. म्हणून पगारदार म्हणजे संघटित, असं समीकरण मांडता येत नाही.

पक्क्या नोकऱ्या या भागात पूर्वी होत्याच नाहीत असं नाही. कलबुर्गीतली महबूब शाही कापड गिरणी निजामाच्या काळातली. तिच्या भोंग्यावर शहराचा एक भाग चालायचा. ती बंद पडली. बीदर जिल्ह्यात हळ्ळीखेडचा सहकारी साखर कारखाना कर्जात रुतून बंद पडला. कारखाना बंद पडला की कायम कामगार एका रात्रीत बेकारांच्या यादीत येत नाही. तो कोणाच्या तरी दुकानात हिशेब लिहायला लागतो, रिक्षा घेतो, शेतावर परततो. आकडेवारीत त्याचा रोजगार शाबूत राहतो. पगारी रजा, विमा आणि निवृत्तीची रक्कम तेवढी जाते. या भागातली बेकारी बहुतेक वेळा अशीच, नोकरीच्या उतरत्या दर्जाच्या रूपाने येते.

उचल: रिकाम्या महिन्यांची किंमत

चिंचोळी, आळंद, औराद भागातल्या तांड्यांवरून आणि वस्त्यांवरून माणसं मोठ्या संख्येने बाहेर पडतात. बहुतेक जण मुंबई, पुणे, हैदराबाद, बेंगळुरूच्या बांधकामांवर जातात, काही ऊसतोडीला जातात. ऊसतोडीचा व्यवहार जवळून पाहिला, तर रिकाम्या दिवसाला बाजारात काय भाव आहे ते कळतं.

पावसाळ्यात, हातात काही नसताना, मुकादम येतो आणि नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल देतो. दवाखाना, लग्न, बी-बियाणं, आधीची देणी यांत ती रक्कम संपते. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि मूळ दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. समजा, एका कोयत्याने १ लाख रुपये उचल घेतली आणि जोडी दिवसाला दोन टन ऊस तोडते. दिवसाचे ७३२ रुपये झाले. उचल फिटायला १३७ दिवस लागतील, तेही एकही खाडा न होता आणि रोजचा किराणा यात न धरता. हंगाम चालतो साधारण नोव्हेंबर ते मार्च. पाऊस कमी झाला, ऊस कमी पडला आणि कारखान्याने पट्टा लवकर पाडला, की बाकी राहते आणि ती पुढच्या वर्षाच्या उचलीत चढते.

म्हणजे रिकाम्या महिन्यांत कुटुंबाला जगवणारा एकटा मुकादम असतो आणि त्याची किंमत कामाच्या महिन्यांत वसूल होते. खाडा झाला तर दंड जोडीच्या खात्यावर पडतो. त्या दंडाची झळ कुठवर जाते ते बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये समोर आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ऊसतोड महिलांची स्थिती तपासली. ८२ हजारांवर महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशयं काढलेली आढळली. पाळीच्या त्रासामुळे दिवस बुडू नये, खाडा पडू नये, हेही त्यामागचं एक कारण होतं. पगारी रजा नसते तिथे बाई त्या रजेची किंमत आपल्या शरीराने चुकवते. या एका गोष्टीसाठी तरी संघटित-असंघटित हा भेद फक्त अर्थशास्त्राचा आहे असं कोणी म्हणू नये.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हा सगळा रचलेला डोलारा एका आठवड्यात कोसळला. देशातला कोरोनाचा पहिला मृत्यू त्याच महिन्यात कलबुर्गीत नोंदला गेला होता. नंतर मुंबई-पुण्याहून निघालेले मजूर आळंद, बसवकल्याणच्या नाक्यांवर येऊन थांबले. किती माणसं बाहेर जातात याची पक्की नोंद ना निघालेल्या गावाकडे होती, ना पोहोचलेल्या शहराकडे. १९७९ पासून आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा असूनही ही अवस्था होती, कारण तो कायदा ठेकेदाराने नेलेल्या मजुरांपुरता होता. स्वतःहून रेल्वेत बसलेला माणूस त्यात नव्हता.

रिकामा दिवस सरकार सोसतं तेव्हा

रिकाम्या दिवसाचा भार समाजाने उचलावा, हा विचार महाराष्ट्रात रुजला. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि गरिबाला काम पुरवणारे सार्वजनिक कार्यक्रम हाच थेट उपाय असल्याचं मांडलं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारे लाखो हात दिसले. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचं रूप मिळालं. देशाने तीच कल्पना २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात घेतली. फेब्रुवारी २००६ मध्ये पहिल्या टप्प्यात जे २०० जिल्हे निवडले, त्यांत बीदर आणि गुलबर्गा दोन्ही होते.

या कायद्याची ताकद दरापेक्षा वेळेत होती. एप्रिल-मे-जून हे गावातले सर्वांत रिकामे महिने. शेततळी, बांधबंदिस्ती, नाला खोलीकरण ही कामं त्याच महिन्यांत निघू शकतात. काम मागूनही १५ दिवसांत मिळालं नाही, तर बेकारी भत्त्याची तरतूद होती: पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या एक चतुर्थांश, पुढे निम्मा. रिकाम्या दिवसाची किंमत मजुराने एकट्याने भरायची नाही, हे देशाच्या कायद्यात एवढ्या स्पष्टपणे प्रथमच लिहिलं गेलं. अंमलात भत्ता क्वचितच मिळाला, मजुरीही पुष्कळदा उशिरा आली. तरीही गावात काम आहे म्हटल्यावर मुकादमाशी बोलताना माणसाचा आवाज थोडा उंचावत असे.

सीमेवर या योजनेची आणखी एक बाजू दिसते. २०२५-२६ साठी कर्नाटकात दर ३७० रुपये होता, महाराष्ट्रात ३१२, तेलंगणात ३०७. कमलनगरकडच्या बांधावर आणि उदगीरकडच्या बांधावर तेच ऊन, तीच काळी माती, त्याच फावड्याचं काम, आणि शंभर दिवसांत ५,८०० रुपयांचा फरक. दर राज्यनिहाय ठरतो, माणसाला भूक मात्र राज्य बघून लागत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात १२५ दिवसांची हमी आहे, राज्यांचा खर्चाचा वाटा वाढवला आहे आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत ६० दिवसांपर्यंत कामं थांबवण्याची तरतूद आहे. थांबवण्याचे ते दिवस प्रत्येक जिल्ह्याच्या पिकांप्रमाणे ठरले तर मजूर आणि शेतकरी दोघांचं जमेल. सरसकट ठरले, तर तुरीच्या मुलखात कापणी एका महिन्यात आणि बंदी दुसऱ्या महिन्यात असं होईल.

कर्नाटकाच्या युवानिधी योजनेत जानेवारी २०२४ पासून बेकार पदवीधराला महिना ३ हजार आणि पदविकाधारकाला दीड हजार, जास्तीत जास्त दोन वर्षं मिळतात. पदवीनंतर सहा महिने काम नसलं पाहिजे ही अट. शिकलेल्या मुलाच्या रिकाम्या दिवसांना यातून मान्यता मिळाली, ही चांगली गोष्ट आहे. त्याच घरातल्या न शिकलेल्या आईच्या रिकाम्या दिवसांना अशी मान्यता नाही. तिला जास्त उपयोग झाला तो जून २०२३ पासून सुरू झालेल्या मोफत बसप्रवासाचा. तालुक्याच्या गावी कामाला जाण्याचं भाडं वाचलं की मजुरी तेवढ्याने वाढते आणि कामाचा शोध दोन गावं पुढे जाऊ शकतो.

काय करता येईल

पहिलं, मोजमाप. जिल्ह्यात किती जण बेकार, या प्रश्नाबरोबर माणशी किती दिवस काम मिळालं, हा प्रश्न प्रत्येक पाहणीत हवा, आणि तोही महिन्यावार. २०२५ पासून श्रमबल सर्वेक्षणाच्या नमुन्यात जिल्ह्याला मूळ घटक धरलं आहे. तिथे रोजच्या हिशेबाचं जुनं माप परत आणता येईल.

दुसरं, मजुराबरोबर त्याचा हक्क चालला पाहिजे. बांधकाम खर्चावरच्या उपकरातून प्रत्येक राज्यात बांधकाम कामगारांचं कल्याण मंडळ आहे. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. चिंचोळीचा माणूस ४० दिवस पुण्यात, ६० दिवस हैदराबादेत आणि ५० दिवस कलबुर्गीत काम करतो. त्याचे १५० दिवस भरतात, पण कोणत्याच राज्यात ९० भरत नाहीत. रेशनकार्ड देशभर चालतं, तसे कामाचे दिवसही एकाच ओळखपत्रावर जमले पाहिजेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत स्वतःहून गेलेल्या मजुरालाही आंतरराज्य स्थलांतरित मानलं आहे आणि किमान वेतन सर्व कामांना लागू केलं आहे. या दोन कलमांची अंमलबजावणी कशी होते, यावर सीमेवरच्या माणसाचं पुष्कळ अवलंबून आहे.

तिसरं, उचलीला पर्याय. पावसाळ्याच्या तोंडावर बचत गटाकडून किंवा सहकारी पतसंस्थेकडून वीस-तीस हजारांचं साधं कर्ज मिळालं, तर मुकादमाच्या लाखाची गरज कमी होते. ज्याच्या डोक्यावर उचल नाही, तो दराची घासाघीस करू शकतो. ज्याच्या डोक्यावर आहे, त्याच्यासाठी दर वाढला काय आणि न वाढला काय, हंगाम ठरलेलाच असतो.

चौथं, काम जवळ आणणं. मार्च २०२३ मध्ये पीएम मित्र योजनेखाली जाहीर झालेल्या सात वस्त्रोद्योग उद्यानांत कलबुर्गीचं नाव आहे. डाळ गिरण्या, चुनखडकाचे उद्योग, बिदरीची कार्यशाळा, सोयाबीनवरची प्रक्रिया यांना इथे कच्चा माल आहे आणि माणसंही आहेत. पण अशा उद्योगांना जमीन, वीज आणि करसवलत देताना सरकारने किती जणांना रोजगार देणार, एवढंच विचारून थांबू नये. किती जणांच्या नावाने विम्याचा हप्ता भरणार आणि वर्षात किती दिवसांचा पगार देणार, हेही करारात लिहून घ्यावं. शेतीचे हंगाम बदलता येत नाहीत, पाऊसही सांगून येत नाही. रिकाम्या दिवसांचा भार मालक, सरकार आणि मजूर यांत कसा वाटायचा, हे मात्र माणसांनी ठरवायचं असतं. आजपर्यंत तो सगळ्यात दुबळ्या खांद्यावर टाकला गेला. तो वाटून घेतला गेला, तरच वाढलेली मजुरी बीदर-कलबुर्गीतल्या मजुराच्या घरापर्यंत पोहोचेल.